उच्च रक्तदाब आणि ॲस्पिरिन : आधी दाब आटोक्यात, मग गोळी

सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींच्या गप्पांत औषधांचा विषय हटकून निघतो. कुणाची अँजिओप्लास्टी झालेली असते, कुणाला नुकताच रक्तदाब निघालेला असतो. ‘‘मी रोज एक ॲस्पिरिन घेतो, रक्त पातळ राहते, तुम्हीही सुरू करा,’’ असा सल्ला एक जण आपुलकीने देतो आणि दुसरा घरी परतताना औषधाच्या दुकानातून गोळ्यांची पट्टी घेऊन जातो. सल्ला देणाऱ्याला ही गोळी डॉक्टरांनी विचारपूर्वक दिलेली असते आणि ती त्याचे रक्षणही करत असते. परंतु तीच गोळी, त्याच मात्रेत, शेजारच्या बाकावर बसलेल्या गृहस्थांना अपायकारक ठरू शकते. हा फरक कशामुळे पडतो, हे उच्च रक्तदाब असलेल्या प्रत्येकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

ॲस्पिरिन नेमके काय करते?

ॲस्पिरिनचे मूळ विलो वृक्षाच्या सालीत आहे. आपल्याकडे नदीकाठी आढळणारा वाळुंज हा त्याच कुळातील. या सालीचे चूर्ण थंडीतापावर गुणकारी ठरते, असे एडवर्ड स्टोन या इंग्लिश धर्मोपदेशकाने १७६३ साली रॉयल सोसायटीला कळवले. पुढे जर्मनीतील बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत फेलिक्स हॉफमन यांनी १८९७ मध्ये त्यातील द्रव्याशी संबंधित ॲसिटिल सॅलिसिलिक आम्ल शुद्ध स्वरूपात तयार केले आणि १८९९ मध्ये त्याला ‘ॲस्पिरिन’ हे नाव मिळाले. कित्येक दशके हे केवळ ताप आणि अंगदुखीवरचे औषध होते. ते शरीरात कसे कार्य करते, याचा उलगडा ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये केला. या क्षेत्रातील संशोधनाबद्दल १९८२ च्या नोबेल पुरस्कारात त्यांना वाटा मिळाला.

आपल्या रक्तात बिंबिका, म्हणजे प्लेटलेट नावाच्या अतिसूक्ष्म पेशी असतात. जखम झाली की त्या एकमेकींना चिकटतात आणि रक्त थांबते. हे चिकटणे घडवून आणणारे थ्रॉम्बॉक्सेन हे द्रव्य बिंबिकेतील एका विकराच्या साह्याने तयार होते. ॲस्पिरिन त्या विकराला कायमचे निकामी करते. बिंबिकेला केंद्रक नसल्यामुळे तिला नवे विकर घडवता येत नाही. म्हणून तिच्या सात ते दहा दिवसांच्या उरलेल्या आयुष्यभर हा परिणाम टिकतो. रोज एकदा घेतलेली अगदी लहान गोळीही पुरेशी होते, ती याच कारणाने.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ‘रक्त पातळ करणारी गोळी’ हा शब्दप्रयोग रूढ असला तरी ॲस्पिरिनने रक्ताचा दाटपणा बदलत नाही. गुठळी होण्याची प्रवृत्ती कमी होते, एवढेच. जी गुठळी हृदयाच्या रोहिणीत अडकून झटका आणते, तीच गुठळी जठरातील व्रणातून किंवा मेंदूतील फुटलेल्या वाहिनीतून वाहणारे रक्तही थांबवते. ॲस्पिरिनला या दोन गुठळ्यांतला भेद कळत नाही. तिचा लाभ आणि तिचा धोका एकाच गुणातून येतात.

ही रक्तदाबाची गोळी नव्हे

ॲस्पिरिनने रक्तदाब उतरतो, हा समज सर्वस्वी चुकीचा आहे. ७५ ते १५० मि.ग्रॅ. एवढी अल्प मात्रा रक्तदाब लक्षणीय प्रमाणात वाढवतही नाही आणि कमीही करत नाही. त्यामुळे ॲस्पिरिन चालू आहे म्हणून रक्तदाबाची गोळी बंद करणे, किंवा दाब वाढला म्हणून ॲस्पिरिनची जादा गोळी घेणे, या दोन्ही गोष्टी धोक्याच्या आहेत. उलट दुखण्यासाठी मोठ्या मात्रेत, दिवसातून अनेकदा आणि बरेच दिवस ॲस्पिरिन घेतली, तर मूत्रपिंडे शरीरात क्षार व पाणी धरून ठेवतात आणि रक्तदाबाच्या काही औषधांचा प्रभाव कमी होतो.

वाढलेला दाब आणि ॲस्पिरिन यांचे नाते दुसऱ्या बाजूने मात्र महत्त्वाचे आहे. अनेक वर्षे चढा राहिलेला दाब मेंदूतील बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती कमकुवत करतो. मेंदूतील रक्तस्रावाचे हे एक प्रमुख कारण आहे. अशी वाहिनी फुटलीच, तर ॲस्पिरिनमुळे रक्त थांबण्यास विलंब लागतो. म्हणूनच दाब अनियंत्रित असताना केवळ प्रतिबंधासाठी ही गोळी सुरू करू नये. वरचा दाब १५० आणि खालचा ९० यांच्या खाली आणल्याखेरीज अशा व्यक्तीला ॲस्पिरिन देऊ नये, असा वैद्यकातील सर्वसाधारण संकेत आहे. उपचाराचे उद्दिष्ट अर्थात याहून कमी, म्हणजे १४०/९० च्या खाली आणि सोसत असेल तर १३०/८० च्या आसपास असते.

गोळी कोणाला आवश्यक आहे?

येथे रुग्णांचे दोन गट स्पष्टपणे वेगळे करावे लागतात.

पहिला गट ज्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, ज्यांची अँजिओप्लास्टी किंवा बायपास शस्त्रक्रिया झाली आहे, किंवा ज्यांना गुठळीमुळे पक्षाघात झाला आहे, अशांचा. त्यांच्या रक्तवाहिन्यांत रोग आहे हे सिद्ध झालेले असते आणि पुन्हा झटका येण्याची शक्यता मोठी असते. अशा रुग्णांवरील अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. झटका, पक्षाघात वा त्यामुळे मृत्यू यांचे प्रमाण ॲस्पिरिनसारख्या औषधांमुळे सुमारे एक चतुर्थांशाने घटते, असे त्यात दिसून आले. या गटाला उच्च रक्तदाब असला, तरी दाब आटोक्यात ठेवून ॲस्पिरिन वा तिच्यासारखे दुसरे औषध बहुधा दीर्घकाळ चालू ठेवले जाते.

दुसरा गट उच्च रक्तदाब आहे, पण अद्याप यांपैकी काहीही झालेले नाही, अशांचा. आपल्या समाजात हाच गट मोठा आहे आणि गैरसमजही याच गटात अधिक आहेत. पहिला झटका टाळण्यासाठी यांनी ॲस्पिरिन घ्यावी काय, या प्रश्नाचे उत्तर गेल्या काही दशकांत बदलत गेले आहे.

चाचण्या काय सांगतात?

अमेरिकेतील २२,०७१ पुरुष डॉक्टरांवर केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. एक दिवसाआड ३२५ मि.ग्रॅ. ॲस्पिरिन घेणाऱ्यांत पहिल्या झटक्याचे प्रमाण ४४ टक्क्यांनी कमी आढळले. ‘रोज एक ॲस्पिरिन’ या प्रथेला यामुळे मोठे बळ मिळाले.

खास उच्च रक्तदाबाच्या रुग्णांसाठी महत्त्वाची ठरलेली ‘हॉट’ ही चाचणी १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत २६ देशांतील १८,७९० रुग्ण होते. औषधांनी दाब उत्तम रीतीने आटोक्यात ठेवून त्यांपैकी निम्म्यांना ७५ मि.ग्रॅ. ॲस्पिरिन देण्यात आली. हृदयविकाराचे झटके ३६ टक्क्यांनी कमी झाले. पक्षाघाताच्या प्रमाणात मात्र फरक पडला नाही. प्राणघातक नसलेले गंभीर रक्तस्राव ॲस्पिरिनविना ७०, तर ॲस्पिरिन घेणाऱ्यांत १२९ झाले. मेंदूतील रक्तस्राव या चाचणीत वाढले नाहीत. परंतु हे सर्व रुग्ण दाब काटेकोरपणे आटोक्यात असलेले होते, ही बाब विसरता कामा नये.

त्यानंतर चित्र आणखी बदलले. कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन औषधे आणि रक्तदाबावरील उत्तम औषधे सर्रास वापरात आली. झटक्याचा मूळ धोकाच कमी झाल्याने ॲस्पिरिनच्या पदरात पडणारे श्रेयही घटले. रक्तस्रावाचा धोका मात्र तेवढाच राहिला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांनी हे दाखवून दिले. ब्रिटनमधील ‘असेंड’ चाचणीत मधुमेह असलेल्या, पण हृदयविकार नसलेल्या १५,४८० व्यक्ती होत्या. सुमारे साडेसात वर्षांच्या काळात ॲस्पिरिनविना ९.६ टक्के, तर ॲस्पिरिनसह ८.५ टक्के लोकांना झटका, पक्षाघात यांसारख्या घटनांना तोंड द्यावे लागले. गंभीर रक्तस्राव मात्र ३.२ टक्क्यांवरून ४.१ टक्क्यांवर गेला. सोप्या हिशेबाने, हजार माणसांनी सात-साडेसात वर्षे रोज गोळी घेतली तर अकरा जण वाचले आणि नऊ जणांना गंभीर रक्तस्राव झाला. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतील १९,११४ वृद्धांवरील ‘ॲस्प्री’ चाचणीत बहुसंख्यांना उच्च रक्तदाब होता. त्यांना रोज १०० मि.ग्रॅ. ॲस्पिरिन देऊन धडधाकट आयुष्य वाढले नाही; रक्तस्राव तेवढे वाढले.

या निष्कर्षांनंतर शिफारशीही बदलल्या. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१९ मध्ये सत्तरीपुढील व्यक्तींना, तसेच रक्तस्रावाचा धोका असलेल्या कोणत्याही वयाच्या व्यक्तीला प्रतिबंधासाठी ॲस्पिरिन सरसकट देऊ नये, असे सांगितले. तेथील प्रतिबंधक आरोग्यसेवेविषयक तज्ज्ञ मंडळाने २०२२ मध्ये साठीनंतर ती नव्याने सुरू करू नये, अशी शिफारस केली. ४० ते ५९ या वयात धोका बराच असेल आणि रक्तस्रावाची भीती नसेल, तरच डॉक्टर आणि रुग्ण यांनी मिळून निर्णय घ्यावा, असे हे मंडळ म्हणते. तात्पर्य, केवळ रक्तदाब आहे म्हणून ॲस्पिरिन घेण्याचे दिवस मागे पडले आहेत.

मात्रा आणि घेण्याची पद्धत

हृदयाच्या संरक्षणासाठी आपल्याकडे सहसा ७५ किंवा १५० मि.ग्रॅ.ची गोळी दिली जाते. डोकेदुखीसाठी पाण्यात विरघळवून घ्यायच्या गोळीत ॲस्पिरिनचे प्रमाण याच्या दुपटी-चौपटीने अधिक असते. ती रोजच्या गोळीऐवजी घेऊ नये. पाण्यात टाकताच फसफसणाऱ्या काही गोळ्यांत सोडियमही बरेच असते. मीठ कमी करण्याचा प्रयत्न करणाऱ्या रुग्णाने हे ध्यानात ठेवावे.

गोळी रोज ठरावीक वेळी आणि पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी. साधी गोळी जेवणानंतर घेणे इष्ट. आतड्यात विरघळणारे आवरण असलेली गोळी चावू वा कुटू नये. मात्र अशा आवरणामुळे जठरातील रक्तस्रावाचा धोका नाहीसा होतो, असे समजू नये. कारण ॲस्पिरिनचा परिणाम रक्तात शोषली गेल्यावरही जठराच्या अस्तरावर होतोच. चतुर्थी-एकादशीचे किंवा श्रावणातील उपवास करणाऱ्यांनी गोळी केव्हा घ्यावी, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. उपवासाच्या दिवशी ती परस्पर चुकवू नये.

आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. कोलेस्टेरॉलचे औषध आणि ॲस्पिरिन एकाच कॅप्सूलमध्ये एकत्र मिळते. एका डॉक्टरांनी अशी कॅप्सूल आणि दुसऱ्यांनी स्वतंत्र ॲस्पिरिन लिहून दिली, तर रुग्ण नकळत दुहेरी मात्रा घेत राहतो. म्हणून प्रत्येक वेळी सर्व औषधांच्या पट्ट्या बरोबर न्याव्यात आणि वेष्टनावरील घटकांची नावे पाहावीत.

इतर औषधांशी जपून

गुडघेदुखी आणि पाठदुखीवरील आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक यांसारखी औषधे रक्तदाबाच्या रुग्णाला दुहेरी त्रास देतात. एक तर ती स्वतः दाब वाढवतात आणि रामिप्रिल, टेल्मिसार्टन यांसारख्या औषधांचा तसेच लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचा प्रभाव कमी करतात. तिन्ही एकत्र आल्यास मूत्रपिंडांवरही घाला येऊ शकतो. शिवाय ॲस्पिरिनबरोबर ती घेतल्यास जठरातील रक्तस्रावाची शक्यता वाढते. आयब्युप्रोफेन तर बिंबिकेतील विकराची जागा आधीच अडवून ॲस्पिरिनचा संरक्षक परिणामच घालवू शकते. ताप वा किरकोळ दुखण्यासाठी योग्य मात्रेतील पॅरासिटामॉल हा अशा रुग्णांना सहसा अधिक सुरक्षित पर्याय असतो. तोही दीर्घकाळ परस्पर घेऊ नये.

वॉरफॅरिन, क्लोपिडोग्रेल यांसारखी गुठळी रोखणारी अन्य औषधे आणि स्टेरॉइड यांच्याबरोबर ॲस्पिरिन घ्यायची असल्यास तो निर्णय केवळ डॉक्टरांचा. मद्यपानानेही रक्तस्रावाचा धोका वाढतो.

कोणी घेऊ नये?

जठरात व्रण असलेले किंवा पूर्वी रक्ताची उलटी झालेले, मेंदूत रक्तस्राव होऊन गेलेले, बिंबिकांची संख्या कमी असलेले किंवा रक्तस्रावाचा आनुवंशिक विकार असलेले, यकृताचा वा मूत्रपिंडाचा तीव्र आजार असलेले आणि ॲस्पिरिनने पूर्वी दमा उसळलेले किंवा अंगावर गांधी उठलेले, अशांनी स्वतःहून ही गोळी कदापि घेऊ नये. गाउटच्या रुग्णांत अल्प मात्रेनेही युरिक आम्ल वाढू शकते. घरातील सोळा वर्षांखालील मुलांना तापात ॲस्पिरिन देऊ नये. त्यातून यकृत आणि मेंदूला इजा करणारा ‘राय’चा विकार उद्भवू शकतो.

पावसाळ्यात आणि त्यानंतर डेंग्यूची साथ पसरते. डेंग्यूत बिंबिका आधीच घटलेल्या असतात. त्यामुळे या काळातील तापावर ॲस्पिरिन वा आयब्युप्रोफेन घेऊ नये. हृदयविकारासाठी ॲस्पिरिन चालू असलेल्या रुग्णाला ताप आल्यास त्याने त्याच दिवशी डॉक्टरांना भेटून गोळी चालू ठेवायची की काही दिवस थांबवायची, हे विचारावे.

गरोदर स्त्रियांची गोष्ट वेगळी आहे. ज्यांना गरोदरपणात दाब धोकादायक रीत्या वाढण्याची शक्यता अधिक असते, अशांना स्त्रीरोगतज्ज्ञ साधारण तिसरा महिना संपल्यापासून अल्प मात्रेतील ॲस्पिरिन देतात. या उपचाराचा लाभ चाचण्यांत सिद्ध झाला आहे. मात्र तोही तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यायचा.

आणीबाणीच्या वेळी

छातीच्या मध्यभागी दाब वा आवळल्यासारखे दुखणे, ते डाव्या हातात किंवा जबड्यात जाणे, दरदरून घाम येणे ही हृदयविकाराच्या झटक्याची लक्षणे असू शकतात. प्रथम १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा विकार नसेल, तर सुमारे ३०० मि.ग्रॅ. ॲस्पिरिन चावून खाण्यास सांगितले जाते. चावल्याने ती लवकर शोषली जाते. येथे आवरणाची गोळीही चावावी लागते. १७,१८७ रुग्णांच्या एका मोठ्या चाचणीत, झटक्याच्या पहिल्या २४ तासांत ॲस्पिरिन सुरू केल्याने पाच आठवड्यांतील मृत्यूंचे प्रमाण २३ टक्क्यांनी घटल्याचे १९८८ मध्ये दिसून आले. मात्र दाब अतिशय चढलेला असून छातीतून पाठीकडे फाटल्यासारखी कळ जात असेल, तर मुख्य रोहिणीची भिंत चिरल्याची शंका असते. अशा वेळी गोळी न देता तत्काळ रुग्णालय गाठावे.

पक्षाघाताच्या बाबतीत हा नियम उलटा आहे. तोंड वाकडे होणे, हातपाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही आढळल्यास घरी ॲस्पिरिन देऊ नये. पक्षाघात गुठळीने झाला की रक्तस्रावाने, हे मेंदूच्या सीटी स्कॅनशिवाय सांगता येत नाही. रक्तस्राव असेल तर ही गोळी जिवावर बेतू शकते.

ॲस्पिरिन चालू असताना शौचास डांबरासारखी काळी होणे, रक्ताची उलटी, वरचेवर घोळणा फुटणे, मार न लागता अंगावर काळेनिळे डाग उठणे, अकारण थकवा आणि फिकटपणा किंवा अकस्मात सुरू झालेली असह्य डोकेदुखी ही धोक्याची चिन्हे समजावीत. लोहाच्या गोळ्यांनीही शौचास काळी होते; परंतु तो निवाडा आपण न करता डॉक्टरांवर सोपवावा.

थांबवणेही स्वतःच्या मनाने नको

हा लेख वाचून कुणी आज रात्रीपासून गोळी बंद केली, तर तेही तितकेच घातक ठरेल. विशेषतः स्टेंट बसवलेल्या रुग्णाने ॲस्पिरिन अचानक सोडल्यास स्टेंटमध्ये गुठळी होऊन झटका येऊ शकतो. दात काढण्यापूर्वी बहुधा ती बंद करावी लागत नाही. मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी थांबवायची असल्यास किती दिवस आधी, हे शल्यचिकित्सक आणि हृदयरोगतज्ज्ञ यांनी मिळून ठरवायचे असते. जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षे गोळी घेणाऱ्यांनी मात्र पुढील भेटीत तीन प्रश्न अवश्य विचारावेत. मी ही गोळी कशासाठी घेतो? माझ्या वयाला आणि आजच्या रक्तदाबाला ती अजून योग्य आहे काय? माझ्या अन्य औषधांशी तिचे जुळते काय?

ज्यांना अद्याप झटका आलेला नाही, त्यांच्यासाठी खरे संरक्षण दुसरीकडे आहे. नियमित घेतलेली रक्तदाबाची औषधे, गरज असल्यास कोलेस्टेरॉलचे औषध, तंबाखू आणि सिगारेट यांचा त्याग, पापड-लोणच्यातील छुप्या मिठासह दिवसाला चमचाभराहून कमी मीठ आणि रोजचे चालणे, हे ते उपाय होत. पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकवून आणि हात हृदयाच्या पातळीवर ठेवून मोजलेल्या दाबाची वहीत नोंद ठेवावी. शेजाऱ्याच्या गोळीपेक्षा ती वही डॉक्टरांना निर्णय घेण्यासाठी अधिक उपयोगी पडते.